मुलगी 2021 ची आणि दुकानदार म्हणतो ते वर्ष सोडा

पत्र असं आलंय:

"आम्ही गेली काही वर्षं स्वित्झर्लंडमध्ये बाझलला आहोत. इथून बोन (फ्रान्समधल्या बर्गंडी या वाइनच्या प्रदेशातलं गाव) गाडीने तीनेक तासांवर, त्यामुळे अधूनमधून फेरी होते आणि येताना डिकीत बाटल्या असतातच. मुलगी जून 2021 ची. तिच्या जन्मवर्षाची रेड बर्गंडी घेऊन ठेवायची आणि ती मोठी झाली की उघडायची असं माझ्या डोक्यात आहे. पण बोनचा दुकानदार म्हणाला 2021 सोडा, वर्ष बारीक आहे, 2020 घ्या नाहीतर 2022. नवराही तेच म्हणतोय. शिवाय तळघरात आधीच पडल्यात त्या अशा (नावं बर्गंडीतल्या गावांची): 2010 ची व्होल्ने प्रमिए क्रू, म्हणजे वरून दुसऱ्या दर्जाची, एक (नवऱ्याच्या साहेबांनी दिलेली), 2015 जेव्हरे-शांबर्ताँ दोन, 2017 साव्हिन्यी-ले-बोन तीन, 2018 मेर्क्युरे चार. यातली कुठली कधी प्यायची? पुढच्या वर्षी बहुतेक पुण्याला परत जाऊ, तेव्हा हे सगळं न्यायचं का? – तळघरवाली"

तळघरवाली ताई,

आधी उत्तर सांगून टाकते मग गप्पा. 2021 घ्या. पण कुठलीही उचलू नका, खाली सांगते त्या पद्धतीची घ्या, आणि एक नको तीन घ्या. नवऱ्याला त्याची 2020 घेऊ देत, भांडायचं कारण नाही. पुण्याला मात्र सगळं नेऊ नका, त्यावर शेवटी येते.

आता दुकानदार चुकीचं बोलला का, तर नाही. तो म्हणतोय ते वर्षाबद्दल आहे आणि तुम्ही विचारताय ते बाटलीबद्दल. विंटेज चार्टवर, म्हणजे कुठलं साल किती चांगलं याच्या गुणतक्त्यात, 2021 समोर जो आकडा असतो तो अख्ख्या प्रदेशाची सरासरी असते, म्हणजे शाळेचा दहावीचा निकाल 62 टक्के लागला म्हणून तुमच्या पोरीला 62 च पडले असं कुणी म्हणत नाही ना, तसंच. आणि दुसरं, त्या आकड्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेले असतात, एक म्हणजे त्या वर्षीची वाइन चविष्ट झाली का आणि दुसरा म्हणजे ती टिकेल का. बर्गंडीत या दोन प्रश्नांची उत्तरं बरेचदा वेगळी निघतात. म्हणून मी आकडा बघतच नाही, त्या वर्षी बागेत नक्की काय झालं ते विचारते. थंडी पडली का, फुलोऱ्यात पाऊस होता का, ऑगस्टमध्ये भाजून निघालं का, तोडणीच्या आधी कूज आली का. एवढं कळलं की बाटलीबद्दल अर्धं तरी सांगता येतं.

बर्गंडीत हे एवढं का चालतं ते आधी बघा. बोन आहे 47 अंश उत्तरेला, द्राक्ष नीट पिकण्याच्या जवळजवळ काठावर (आता काठ सरकलाय, ते पुढे). आणि लाल म्हणजे तिथे जवळपास सगळी पिनो न्वार, एकच जात. बोर्दोत कसं, मेर्लो फसली तर काबर्ने सावरून घेते, मिश्रणात खाडाखोड करता येते, इथे ती सोय नाही. त्यात पिनोची साल पातळ, रंग मुळातच कमी, टॅनिनही (तोंड सुकवणारा तुरटपणा) बेताचं आणि त्यातलं बरंचसं बियांतून येणारं. मग वाइनला वर्षानुवर्षं उभं ठेवायला काय उरतं तर आम्ल, जे काही टॅनिन आहे ते, आणि मण्यातला रस किती घट्ट आहे ते. तिन्ही हवामानावर हलतात. गरम रात्री असल्या की मॅलिक आम्ल (कच्च्या फळातला आंबटपणा) वेलीवरच जळून जातं, साखर वाढते, अल्कोहोल चढतं. थंड वर्षात उलट, मॅलिक ढीगभर राहतं, पण पिंपात दुसरं आंबवण होतं त्यात त्याचं लॅक्टिक होतं आणि वाइन वाटलं होतं त्यापेक्षा मऊ पडते, म्हणून थंड वर्ष म्हणजे आपोआप आंबट आणि टिकाऊ असंही समजू नका. आणि मणी लहान राहिले तर रसाच्या मानाने साल जास्त, म्हणजे रंग आणि टॅनिन जास्त. पाऊस तोडणीच्या तोंडावर आला तर मणी फुगतात, रस पातळ होतो, वर कूज. कुजलेल्या सालीतलं एन्झाइम रंगच खाऊन टाकतं, 1983 च्या कित्येक बाटल्या त्यामुळे लवकर तपकिरी झाल्या.

नाशिक-सांगलीकडे कुणाची बाग असेल तर हे सगळं त्यांना सांगायला नको, गारपीट, डाउनी आणि भुरी हे बुरशीचे रोग, फुलगळ, शॉर्ट बेरी, शब्दसुद्धा तेच आणि रात्रीची झोप उडणंही तेच. फरक एवढाच की तिथे छाटणी करून हंगाम आपण ठरवतो आणि बर्गंडीत निसर्ग देईल तो एकच हंगाम.

आता तुमचं 2021. मार्चच्या शेवटी एकदम ऊन पडलं, वेलींचे डोळे फुटले, बागवाले खूश. आणि मग 5 ते 8 एप्रिलच्या रात्री पारा शून्याच्या खाली, मध्ये बर्फही पडला, कोवळे कोंब ओले आणि वर गोठणं. ओळींमध्ये पॅराफिनच्या मेणबत्त्या पेटवलेले फोटो तुम्ही पाहिले असतील, ते याच रात्रींचे. शार्डोने आधी फुटते म्हणून पांढरीचं नुकसान जास्त झालं, पिनो थोडी मागे होती म्हणून लाल त्या मानाने वाचली, त्यातही कोत द न्युईकडे, म्हणजे उतारांच्या उत्तर भागात, दक्षिणेकडच्या कोत द बोनपेक्षा बरं. मग उन्हाळा थंड आणि ओला, डाउनी, भुरी, फवारण्यांवर फवारण्या. तोडणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात. एकूण पीक नेहमीच्या निम्म्याच्या आसपास. त्या नोव्हेंबरात हॉस्पिस द बोनच्या (तिथल्या जुन्या धर्मादाय रुग्णालयाच्या) वाइनच्या लिलावाला पिंपं खूपच कमी होती आणि भाव तरी उतरले नाहीत, उलट चढले. म्हणजे दुकानदार म्हणतो "बारीक वर्ष", पण किंमत बारीक नाही, हे त्याने सांगितलं का? नसेल सांगितलं.

ग्लासात 2021 कशी लागते तर फिकट रंग, लाल फळं, चेरी, क्रॅनबेरी, अल्कोहोल साडेबारा-तेरा, अंगाने सडसडीत. काहींनी साखर घालून अल्कोहोल थोडं वाढवलं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ती पद्धत दोनशे वर्षं चालत आलीय आणि मागच्या पिढीत तर दर दुसऱ्या वर्षी होत असे. जुने बर्गंडीवाले लोक 2021 प्यायले की म्हणतात अरे ही तर आमच्या लहानपणची बर्गंडी. मला वैयक्तिक हे वर्ष आवडतं. 2018, 2019, 2020, 2022 ही गरम वर्षं ओळीने प्यायली की मध्ये ही अशी हलकी वाइन बरी वाटते, गाव कुठलं ते कळतं. पण आवडणं वेगळं आणि वीस वर्षं ठेवणं वेगळं. 2021 चं टॅनिन मऊ आहे आणि रस घट्ट नाही, त्यामुळे साधी बुर्गोन्य (प्रदेशाच्या नावाची, सगळ्यात खालची) किंवा व्हिलाज लेव्हलची (गावाच्या नावाची, प्रमिए क्रूच्या खालची) बहुतेक बाटली आठ-दहा वर्षांत आपलं बोलून मोकळी होणार. पोरगी तोवर पाचवीत.

आणि किती वर्षं ठेवायची हेही नीट मोजा. फ्रान्समध्ये 18 ला चालतं, तुमच्या बाझलला तर वाइन 16 लाच मिळते, पण पुण्याला परतलात तर महाराष्ट्रात वाइनला 21 पूर्ण लागतात. म्हणजे हिशोब 2039 चा नाही, 2042 चा. तीन वर्षं जास्त. 2021 च्या बाबतीत ही तीन वर्षं फुकट नाहीयेत, म्हणून निवड कडक हवी.

निवड कशी करायची? एक, गाव टणक टॅनिनचं घ्या. न्युई-सँ-जॉर्ज माझी पहिली पसंती, तिथे ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची बाग, एकही नाही त्यामुळे भाव थोडा तरी माणसात राहतो, पण गावाच्या दक्षिणेकडचे ले सँ-जॉर्ज, व्होक्रँ हे प्रमिए क्रू अगदी हाडापेराने मजबूत असतात. जेव्हरेचे चांगले प्रमिए क्रू चालतील. बजेट असेल तर कोर्ताँ, कोत द बोनमधला लाल वाइनचा एकमेव ग्राँ क्रू, आणि कोत द न्युईच्या ग्राँ क्रूंपेक्षा बरेचदा स्वस्त. शांबोल, व्होल्ने, साव्हिन्यी ही माझी लाडकी गावं पण या कामाला नकोत, 2021 आधीच नाजूक आणि ही गावंही नाजूक. दोन, उत्पादक असा बघा ज्याने त्या वर्षी खराब मणी निवडून टाकले आणि थंड वर्षात ओढूनताणून रंग काढायला गेला नाही. हे दुकानात विचारायला लाजू नका, "2021 मध्ये तुम्ही स्वतः कुणाची घरी ठेवलीत" असं विचारा, तिथे दुकानदाराचा चेहरा बदलतो आणि खरं उत्तर मिळतं. तीन, मिळाली तर मॅग्नम. दीड लिटरच्या बाटलीत वाइनच्या मानाने आत शिरणारी हवा कमी म्हणून ती सावकाश म्हातारी होते, 2042 गाठायला याच्याइतका सोपा उपाय दुसरा नाही. मॅग्नम नाही मिळाली तर साध्या तीन, म्हणजे एक 2031-32 ला उघडून बघा, कशी चाललीय त्यावरून बाकीच्या दोघींचं ठरवा. एकच बाटली वीस वर्षं जपायची आणि त्या दिवशी कॉर्कचा खराब वास लागलेली निघाली तर सगळ्या घराचं तोंड उतरतं.

जागेचा मुद्दा नीट समजावा म्हणून क्लो द व्हूजो घ्या. एकच भिंत, आत 50 हेक्टर, सगळा ग्राँ क्रू, पण मालक 80 च्या आसपास. वरचा भाग शातोजवळ (जुन्या गढीजवळ), उताराचा, पाणी निघून जाणारा. खालचा भाग मोठ्या रस्त्याला लागून, सपाट, जड माती, ओल धरणारा. ओल्या वर्षात खालच्या भागाला त्रास, वरचा मजेत. आणि कोरड्या भाजक्या वर्षात खालची ओलच उपयोगी पडू शकते. लेबलवर दोघांच्याही तेच नाव आणि तेच साल. मग चार्टवरचा एक आकडा यातल्या कुणाला लावायचा, सांगा. गरम वर्षांत तर आणखी गंमत होते, पूर्वी जी थंड म्हणून हिणवलेली ठिकाणं होती, आडव्या दऱ्यांमधली, वरच्या अंगाची, ओत-कोत (मुख्य उतारांच्या वरच्या टेकड्या) वगैरे, तिथली वाइन ताजी राहते आणि मधल्या उताराची मानाची जागा कधीकधी जॅमसारखी होऊन बसते. म्हणून गरम वर्षी खिसा हलका ठेवून वरची साधी जागा घ्यावी आणि थंड वर्षी पैसे घालून चांगला उतार घ्यावा, मी तरी असंच करते.

आता दुकानदाराच्या "मोठ्या" वर्षांकडे. 2003 चा उन्हाळा आठवतोय ना युरोपातला, तोडणी ऑगस्टमध्येच, आम्ल इतकं पडलं की बाहेरून घालायला खास परवानगी द्यावी लागली. तेव्हा कित्येकांनी डोक्यावर घेतलं, केवढी काळी, केवढी दाट. आज त्यातल्या बऱ्याच मनुकाळलेल्या आणि दमलेल्या आहेत, थोड्या टिकल्या, त्याही चांगल्या जागांवरच्या. 1976 तसंच दुष्काळी, टॅनिन इतकं कोरडं की फळ आधी संपलं आणि टॅनिन तसंच उभं राहिलं. उलट 2008 बघा. अख्खा उन्हाळा करडा, कूज लागलेली, लोकांनी आशा सोडलेली, आणि सप्टेंबरच्या मध्यावर उत्तरेचा वारा सुटला, कोरडा, त्याने मणी सुकवले, रस घट्ट झाला, कूज थांबली. आम्ल एवढं की दुसरं आंबवण कित्येक तळघरांत पुढच्या वर्षीपर्यंत रेंगाळलं. सुरुवातीला त्या वाइन प्यायला दात आंबायचे, आणि आज चांगल्या हातच्या 2008 छान ताज्या आहेत. 1993 चंही तेच झालं, आधी नाकं मुरडली मग लोक शोधत फिरले. 1996 मात्र सावध राहायची गोष्ट, आम्ल भरपूर होतं, सगळे म्हणाले थांबा थांबा, आणि काही बाटल्यांमध्ये थांबून थांबून फळच गेलं, आम्ल राहिलं. म्हणजे नुसतं आम्लही पुरत नाही, नुसतं टॅनिनही नाही, त्याबरोबर फळही पुरलं पाहिजे.

2009 आणि 2010 ही जोडी तर शाळेत शिकवावी अशी आहे. 2009 ऊबदार, गोड स्वभावाचं, पहिल्या दिवसापासून प्यायला मजा, चार्टवाले खूश. 2010 चा जून थंड आणि ओला, फुलोरा बिघडला, फुलगळ झाली, जे घड राहिले त्यात शॉर्ट बेरी, म्हणजे बारीक बारीक मणी, पीक कमी. बागवाल्यासाठी वाईट वर्ष. पण तेच बारीक मणी, त्यात थंड उन्हाळ्याचं टिकलेलं आम्ल, आणि सैलसर घडांमुळे आत हवा खेळली. त्यातून जी वाइन झाली ती आज 2009 च्या पुढे आहे असं मानणारे बरेच आहेत आणि मी त्यांच्यात आहे. 2005 हे तिसरं टोक, कोरडं, शिस्तीचं, टॅनिन आणि आम्ल दोन्ही भक्कम, पण वाइन इतकी मिटली की पंधरा पंधरा वर्षं काही बोलेनाच. कुणी तुम्हाला 2005 चा ग्राँ क्रू दिला तर घाईने उघडू नका.

हे मिटणं सगळ्यांनाच गोंधळात टाकतं म्हणून दोन वाक्यं. पिनो तरुणपणी फळामुळे छान लागते, मग काही वर्षांनी अचानक मुकी होते, वास नाही, नुसतं टॅनिन-आम्ल, तुम्हाला वाटतं बाटली गेली. गेलेली नसते. टॅनिनचे रेणू रंगद्रव्यांशी जोडले जातायत, लांब साखळ्या होतायत, काही खाली गाळात बसतायत, फळाचा वास जाऊन ओल्या पानांचा, मशरूमचा, चामड्याचा वास यायला वेळ लागतो. हा मुका काळ किती लांब हे वर्षावर जातं. 2017 सारख्या मऊ वर्षात जाणवणारही नाही, 2005 मध्ये अर्धं आयुष्य जाईल.

आता तुमचं तळघर, बाटली बाटली बघू.

2017 साव्हिन्यी, तिन्ही पिऊन टाका. आदल्या वर्षी, 2016 ला, 26-27 एप्रिलच्या रात्री गोठलं होतं आणि सकाळच्या उन्हाने बर्फाळलेले कोंब करपवले होते, ते लक्षात ठेवून 2017 ला एप्रिलच्या अखेरीस गावंच्या गावं उठली, ओल्या पेंढ्याचे गठ्ठे पेटवून सूर्य उगवायच्या वेळी धुराचं छत केलं आणि पीक वाचवलं. मग घड भरपूर लागले, वाइन सौम्य, मोकळी, आत्ता सुंदर. थांबून काही वाढणार नाही. थोडी गार करा, 14 अंशाला, आणि पांढऱ्या रश्श्याबरोबर बघा एकदा, मी सांगते म्हणून. तांबड्याबरोबर नको, तिखटापुढे ती टिकायची नाही.

2018 मेर्क्युरे, पुढच्या तीनचार वर्षांत. हिवाळ्यात पाऊस झाला होता म्हणून जमिनीत ओल होती आणि मग उन्हाळा तापला, तरी पीक मोठं आलं. लेबलवर अल्कोहोल बघा, 14 च्या जवळ असेल. चार आहेत म्हणजे एक या महिन्यात उघडा, जॅमसारखी, जड लागली तर बाकीच्याही पटपट काढा, ताजी लागली तर दमाने घ्या. हीसुद्धा गारच प्यायची, बाझलच्या जुलैतल्या खोलीच्या तापमानाला नको.

2015 जेव्हरे दोन. 2015 हे गरम वर्ष असूनही गरम वर्षांसारखं वागत नाही. जुलै भाजका होता पण ऑगस्टमध्ये वेळेवर पाऊस पडला, वेलींनी दम घेतला, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला निरोगी, जाड सालीचे, बारीक मणी आले. टॅनिन भरपूर पण गुळगुळीत. व्हिलाज असली तरी जेव्हरे आहे, एक 2028 च्या आसपास, दुसरी 2032 पर्यंत. पहिली आत्ताच उघडायची खाज असेल तर दोन तास आधी उघडून ठेवा, मिटलेली निघू शकते.

आणि ती 2010 व्होल्ने. साहेब जाणकार दिसतात. व्होल्ने मऊ गाव पण 2010 मुळे पाठीला कणा आहे, आता नेमकी तिच्या वयात आलीय आणि नीट ठेवली तर 2035 पर्यंतही जाईल. पण एकच आहे, आणि तुमचं घर हलणारंय, तर माझं स्पष्ट मत की बाझल सोडायच्या आधी पिऊन टाका. आदल्या दिवशी उभी ठेवा म्हणजे गाळ खाली बसेल, डिकँटरमध्ये ओतू नका, एवढी जुनी पिनो हवेने तासाभरात मान टाकू शकते, बाटलीतूनच हळू ओता. साहेबांना बोलवा, बरं दिसेल.

नवऱ्याच्या 2020 बद्दल, तो अगदीच चुकत नाहीये. 2020 ला हिवाळा ऊबदार, वसंत लवकर, उन्हाळा कोरडा, कित्येकांची तोडणी ऑगस्टमध्येच संपली, मणी बारीक आणि काळे, आणि गंमत म्हणजे एवढं होऊनही बऱ्याच ठिकाणी आम्ल टिकलं, ते का यावर बागवालेच अजून वाद घालतात. रंग दाट, टॅनिन दाट, 2042 सहज गाठेल. त्यामुळे टिकण्यापुरतं बघितलं तर 2020 ची बाजू वरचढ आहे. पण ती तुमच्या मुलीच्या वर्षाची नाही, आणि मला विचाराल तर त्यातल्या काही इतक्या काळ्या आहेत की डोळे मिटून प्यायलात तर दक्षिणेकडच्या गरम ऱ्होन प्रदेशातली वाटावी. दोन घेऊन ठेवा, 2042 ला दोन्ही शेजारी शेजारी उघडा. 2022 छान आहे पण लवकर प्यायला छान, पीकही बरं आलं होतं, तिला एवढं थांबवायची गरज मला दिसत नाही.

काठ सरकलाय म्हटलं होतं त्याचं राहिलं. बोनमध्ये द्राक्षतोडणी कधी सुरू झाली याची नोंद 1354 पासूनची जुळवलेली आहे, ते संशोधन 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. 1987 पर्यंतच्या सहाशे-साडेसहाशे वर्षांत तोडणी सरासरी 28 सप्टेंबरच्या सुमारास असायची, 1988 नंतर ती सरासरी 13 दिवस अलीकडे आली. म्हणजे पूर्वी चिंता ही की पिकेल का, आता चिंता ही की फार तर नाही ना पिकणार. आणि तरी डोळे लवकर फुटतात म्हणून एप्रिलची थंडी जास्त बोचते, 2016, 2021 दोन्ही त्यातलेच. 2024 ला तर पाऊस आणि डाउनीने असा धुमाकूळ घातला की कितीतरी जणांकडे पीक हाताला लागलंच नाही. त्या वर्षी ज्यांना बाळं झाली त्यांची पत्रं मला पुढे येणारच आहेत.

आता पुणे. मला माहितीय तुम्हाला काय ऐकायचंय पण ऐका. 2042 पर्यंत ठेवायच्या बाटल्या पुण्याला नेऊ नका. वाइनला 12 ते 14 अंश, अंधार, थोडी ओल आणि मुख्य म्हणजे चढउतार नाही असं पाहिजे. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळिशी आणि कपाटात पस्तिशी, त्यात एक उन्हाळा काढला तरी नाजूक 2021 शिजून जाईल, कॉर्क वर येईल. वाइन फ्रीज घ्याल, ठीक, पण सोळा-सतरा वर्षं तो बंद न पडता चालणार, वीज जाणार नाही, घर बदलणार नाही, यावर मी तरी पैज लावणार नाही. साधा फ्रीज तर नकोच, फार गार, फार कोरडा, आणि शेजारी लसणाची चटणी. बाझलला इमारतींच्या खाली केलर (तळघरं) असतात, काही ठिकाणी जुना बंकरच असतो जाड भिंतींचा, वाइनला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. तिथे राहणाऱ्या विश्वासातल्या मैत्रिणीच्या केलरात पेटी ठेवा, नाहीतर भाड्याने वाइन ठेवणाऱ्या गोदामात, तिथे वर्षाचं भाडं भरावं लागतं पण तापमानाची नोंद मिळते.

बरोबर नेता येतं ते माणशी 2 लिटर ड्यूटी न भरता, म्हणजे दोघांच्या मिळून साध्या चार बाटल्या, किंवा माणशी एक मॅग्नम. त्यापलीकडे ड्यूटी भरायला लागली की त्या मेर्क्युरेची किंमत ग्राँ क्रूच्या दिशेने चालू लागते. तर नेणार असाल तर उरलेल्या मेर्क्युरे न्या, त्या लवकर संपणाऱ्या आहेत, 2015 च्या दोन मात्र 2021 बरोबर केलरातच राहू देत. तपासलेल्या सामानात कपड्यांत गुंडाळून, शक्यतो डिसेंबर-जानेवारीत, मेमध्ये अजिबात नाही. पोचल्यावर दोनतीन आठवडे आडव्या पडू देत मग उघडा. घरच्या एसीच्या खोलीत थोडे महिने निभतील, एक उन्हाळा नाही, म्हणून त्याआधी संपवा.

2021 घेतलीत की बिलाचा फोटो काढा, आणि पेटीवर मार्करने मुलीचं नाव, साल आणि "2031 ला एक उघडा" एवढं मोठ्या अक्षरात लिहा, केलरच्या ओलीत लेबलं सुटतात आणि मैत्रिणीचा नवरा एखाद्या रविवारी फोंड्यूबरोबर काढून बसला तर कुणाला बोलणार. आणि ती पहिली बाटली उघडलीत की मला कळवा कशी निघाली, न्युई-सँ-जॉर्जवर मी पैज लावलीय म्हणून विचारतेय.